इस्टीमची बॅटरी डिकीत नेतोय, केबल किती एमएमची घेऊ?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. राहणार गोडोली, सातारा. माझ्याकडे जुनी इस्टीम आहे, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), तेराशे सीसी. ऑटोक्रॉससाठी (मैदानात आखलेल्या वाटेवरची वेळेची शर्यत) हळूहळू तयार करतोय. एसी काढला, मागची सीट काढली. आता बॅटरी बोनेटमधून काढून डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात बसवायची आहे. एक तर त्या जागी मोठा एअर फिल्टर बसवायचाय, आणि दुसरं म्हणजे पुढचं थोडं वजन मागे जाईल.

दोरी टाकून मोजलं. डिकीतून आतल्या बाजूने, दाराच्या उंबऱ्यालगत, फायरवॉलमधून सेल्फपर्यंत साडेपाच मीटर भरतात. आता केबल. (एमएम म्हणजे इथे स्क्वेअर एमएम, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ.) पोवई नाक्यावरच्या एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं, १६ एमएम पुरे, घराच्या मीटरलासुद्धा एवढी येत नाही. मित्र म्हणतो ५० च घाल. तिसरा म्हणतो वेल्डिंगची केबल वापर. सगळे छातीठोकपणे सांगतात, पण का ते कुणी सांगत नाही.

निगेटिव्हसाठीही पूर्ण लांबीची केबल ओढू का डिकीतच बॉडीला अर्थ करू? फ्यूज लागतो का? बॅटरी ३५ अँपियर-अवरची, नेहमीची पाण्याची आहे.

कराडचा_आवाज

भावा, चार गेजचं ॲम्प किट घे आणि मोकळा हो. मी माझ्या स्विफ्टमध्ये वूफर आणि ॲम्पसाठी बोनेटपासून डिकीपर्यंत तीच ओढलीय. फुल्ल आवाजात कोल्हापूरला जाऊन येतो, केबल कोमटसुद्धा होत नाही. पारदर्शक निळी मिळते, दिसायलाही नाद खुळा.

तारवाले_कुपवाड

गोडोलीकर, आधी तुझ्या पोवई नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनची बाजू घेतो. १६ ची केबल जळणार नाही. सेल्फ दोन-तीन सेकंद फिरतो, तेवढ्यात चांगल्या तांब्याची १६ ची तार हाताला गरमही लागायची नाही. घराचं वायरिंग करणारा माणूस आधी बघतो तार तापेल का, आणि त्याच्या धंद्यात ते बरोबर आहे. २३० व्होल्टातला एक व्होल्ट वाटेत गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. तुझ्याकडे सगळे मिळून बारा आहेत. सेल्फ मारला की बॅटरीच्या खांबावरसुद्धा दहा-साडेदहाच उरतात. त्यातला एक केबलने खाल्ला तर दहावा हिस्सा गेला. म्हणून इथे केबल किती करंट सोसते हे विचारायचंच नाही, किती व्होल्ट खाते ते विचारायचं. कराडच्या आमच्या मित्राची केबल कोमट होत नाही, यावरून मला काहीच कळत नाही.

मी एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होतो, सांगली विभागात. आता निवृत्त, घरी असतो. बसला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतात. तेवढ्याच ताकदीला चोवीस व्होल्टवर करंट निम्मा लागतो, म्हणजे तेवढ्याच केबलमध्ये निम्माच व्होल्ट पडतो, आणि तोही चोवीसातून जातो. त्यामुळे 'आमच्या ट्रकला एवढीच केबल आहे' असं कुणी खाली लिहिलं तर मनावर घेऊ नकोस.

आता हिशेब. तुझ्या इंजिनाचा सेल्फ साधारण एक किलोवॅटच्या आसपासचा. हजाराला बाराने भागून ८३ अँपियर काढू नकोस. एक किलोवॅट ही शाफ्टवर मिळणारी ताकद झाली. आत जाणारी वीज त्याच्या दीडपट तरी असते, आणि व्होल्ट त्या वेळी बारा नसतात, दहा असतात. म्हणून १५० अँपियर धर. अगदी पहिल्या झटक्याला, आर्मेचर (सेल्फमधला फिरणारा भाग) हललेलंही नसतं तेव्हा, याच्या दुप्पट-तिप्पट जातो, पण तो क्षणभरच.

बारीक तारांच्या लवचिक तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे मिलिओहममध्ये असा असतो: १६ ला १.२१, २५ ला ०.७८, ३५ ला ०.५५, ५० ला ०.३९. साडेपाचने गुण, मग १५० ने गुण. १६ मध्ये पूर्ण एक व्होल्ट जातो. २५ मध्ये ०.६४, ३५ मध्ये ०.४६, ५० मध्ये ०.३२. पॉझिटिव्हच्या बाजूला अर्ध्या व्होल्टाच्या वर पडू द्यायचा नाही, अशी आमची रीत. म्हणजे ३५.

५० घातलीस तर कुणी अडवणार नाही. पण ३५ वरून ५० ला गेल्यावर हाती येतात व्होल्टाचे चौदा शतांश, आणि त्यासाठी पाऊण किलो तांबं जादा. वळवायला अवघड, फायरवॉलचं भोक मोठं. डिझेल गाडी असती तर मीच ५० किंवा ७० म्हटलं असतं.

शिवाय हे आकडे २० अंशांचे आहेत. तांबं ७० अंशांपर्यंत तापलं की रोध वीस टक्के वाढतो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवर चहाला थांबलास आणि पाच-दहा मिनिटांत परत सेल्फ मारलास, तर बोनेटमधला केबलचा तुकडा, सेल्फचं आर्मेचर, सगळं भाजलेलं असतं. उलट डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला, वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं तेव्हा, बॅटरीच मलूल आणि इंजिन ऑइल घट्ट. केबल अशा वेळेसाठी निवडायची. गोडोलीत दुपारी बारा वाजता कुठल्याही केबलवर गाडी चालू होते, आणि मग इलेक्ट्रिशियन म्हणतो, बघा, चालली की.

एमपीएफआय गाडीत आणखी एक त्रास. सेल्फ फिरताना व्होल्ट फार खाली गेले तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, पेट्रोल पंप सगळेच उपाशी. सेल्फ फिरतो, गाडी पकडत नाही. मग लोक प्लग बदलतात, पंप बदलतात.

एक विचारू का? गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. चढावर वळणातून निघताना पकड पुढच्याच चाकांना हवी ना? आणि बॅटरी आहे दहा-अकरा किलोची. ती मागे न्यायला केबल, खोका, पट्ट्या मिळून तीन-चार किलो नवं वजन गाडीत येणार. एअर फिल्टरला जागा हवी हे मला पटतं. वजनाचं नाही पटत. पण गाडी तुझी.

गोडोलीकर

काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. वजनाचं तुम्ही म्हणता ते डोक्यात आलं, पण फिल्टरची पाइप आधीच बनवून झालीय, त्यामुळे बॅटरी तिथून हलणारच.

३५ ची केबल बघून आलो एमआयडीसीजवळच्या दुकानात. वेल्डिंगचीच दाखवली, पण दोन प्रकारची. एक दुसरीच्या जवळजवळ निम्म्या भावात. दोन्हीवर ३५ छापलंय, दोन्ही तांबूस दिसतात. दुकानदार म्हणतो माल तोच, ब्रँडचे पैसे. घ्यावी का?

मिरज_वेल्डिंग

निम्म्या भावातली घेऊ नका. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतोय तो. आमच्याकडं पण येतात विकायला. वेल्डिंगला लोक वापरतात, चालतंय, तिथं मशीनचा करंट मागं-पुढं करता येतो. गाडीत कोण करणार?

ओळखायचं सोपं हाय. एक बारीक तार काढा, ब्लेडनं खरवडा. आतनं पांढरी निघाली की सोडून द्या. नायतर लायटरवर धरा. तांब्याची तार लाल होते, तशीच राहते. मुलाम्याची लगेच वितळून गोळा होती. दुकानदार तार काढू देईना झाला तर वजन करा. ३५ च्या तांब्याचं नुसतं धातूचं वजन मीटरला ३१० ग्रॅमच्या आसपास भरतं, वर रबराचं वेगळं. रबरासकट मीटरभर तुकडा अडीचशे ग्रॅमच्या आत भरला तर त्यात तांबं किती ते तुमीच ओळखा. चांगल्या केबलवर कंपनीचं नाव, एरिया आणि आयएस ९८५७ हा नंबर छापलेला असतोय, वेल्डिंग केबलचा आयएस तोच. रबर एचओएफआर लिहिलेलं बघून घ्या, म्हंजे उष्णता, तेल सोसणारं. साधं रबर तेलानं फुगतं.

तारवाले_कुपवाड

मिरजवाल्यांशी शंभर टक्के सहमत. भर एवढीच घालतो की मुलाम्याच्या केबलचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ३५ म्हणून घेतलेली २२-२३ चं काम करते. तुझ्या लांबीला पाऊण व्होल्टाच्या आसपास जाईल. आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे थिंबलमधली (केबलच्या टोकाला बसवतात त्या भोकवाल्या कडीतली) पकड काही महिन्यांनी सैल होते. आज मोजून बरोबर आलेलं पुढच्या पावसाळ्यात बरोबर असेलच असं नाही.

कराडच्या मित्रा, चार गेजचं तुला आत्ता लिहितो. अमेरिकन चार गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम, प्रामाणिक असली तर. ॲम्प किटमध्ये गेजचा आकडा केबलच्या प्लास्टिकच्या जाडीवरून ठरवल्यासारखा असतो. पारदर्शक असली म्हणून काय झालं, मुलामा पारदर्शकातूनही तांब्यासारखाच दिसतो. तुझ्या ॲम्पला ती पुरते, कारण ॲम्प गाणं चालू असताना सरासरी फार थोडा करंट घेतो. सेल्फ तसं करत नाही.

गोडोलीकर

वजन करून बघितलं. स्वस्तातली खरंच हलकी. महागातली घेतली, सहा मीटर. आता टोकांना थिंबल बसवायचेत. इथला माणूस म्हणतो थिंबलमध्ये शिसं-कथील ओतून देतो, वर हातोडीने ठोकतो.

मिरज_वेल्डिंग

ठोकू नका, ओतू पण नका. कथील तारांमधनं वर चढतं, थिंबलच्या मागं बोटभर केबल कडक होती, आणि गाडीच्या थरथराटानं बरोब्बर तिथंच तुटती. जोड सैल पडून तापला तर कथील पातळ होऊन बाहेर. कथील चढवलेल्या तांब्याचा लांब नळीचा थिंबल घ्या, ३५ चा, भोक तुमच्या बोल्टाप्रमाणं, आणि हायड्रॉलिक पकडीनं षटकोनी डायमध्ये दाबून घ्या. वेल्डिंग केबलच्या तारा लय बारीक असत्यात, सोलल्या की पसरतात, म्हणून सोलायच्या आधी टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. एक पण तार बाहेर राहता कामा नये. वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, तापवली की आवळती.

सातारच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणारे असतील बघा, त्यांच्याकडं पकड असतीच. मिरजेकडं आला तर आमच्याकडं या, चहा पाजून दाबून देतो.

कराडचा_आवाज

केबलचं ठीक आहे काका, खरवडून बघतो माझी पण. एक शंका. गाडी कंपनीतून येते तेव्हा सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो. मग याने का घालायचा? फ्यूज म्हणजे आणखी दोन जोड, आणखी व्होल्ट गेले. वर सेल्फच्या झटक्याला उडाला तर ऑटोक्रॉसच्या लाइनवर गाडी ढकलत न्यायची.

तारवाले_कुपवाड

प्रश्न चांगला आहे. बहुतेक गाड्यांत नसतो, खरं आहे. कारण तिथे बॅटरीपासून सेल्फपर्यंत हातभर केबल, तीही बोनेटमध्ये, माणसांपासून लांब. याची केबल साडेपाच मीटर, डिकीतून, ड्रायव्हरच्या सीटशेजारून, दोन-तीन ठिकाणी पत्र्यातल्या भोकांमधून जाणार. मागून कुणी धडकलं आणि पत्र्याची कड रबरातून आत शिरली तर बॅटरी थेट बॉडीवर शॉर्ट. छोट्या बॅटरीतूनही अशा वेळी हजाराच्या घरात अँपियर जातात. केबलचं रबर पेटतं, आणि पेट्रोलची टाकीही मागेच.

ज्या कंपन्या बॅटरी मागे ठेवतात त्यांनी काय केलंय बघ. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ मॉडेलला बॅटरी डिकीत असते. तिच्या पॉझिटिव्ह टर्मिनलमध्येच स्फोटकाचा छोटा बार भरलेला असतो. अपघातात एअरबॅगची यंत्रणा त्याला इशारा देते आणि सेल्फची केबल बॅटरीपासून तुटते. १९५९ च्या मूळ मिनीची बॅटरीही डिकीतच होती. तिला असलं काही नव्हतं. त्या काळी सीटबेल्टही सगळ्या गाड्यांना नव्हते, म्हणून ते आपण धरून चालायचं का?

सेल्फच्या झटक्याला फ्यूज उडतो ही भीती साध्या फ्यूजच्या बाबतीत खरी. इथे मेगा फ्यूज घालायचा, २०० अँपियरचा, बोल्टने कसायचा. तो सावकाश उडणारा असतो. दुप्पट करंटही एखाद-दुसरा सेकंद सोसतो, आणि सेल्फचा पहिला झटका त्याच्या आत संपतो. शॉर्ट झाल्यावर मात्र तो थांबत नाही. त्याच्या जोडांत जाणारे काही मिलिव्होल्ट मी आनंदाने देईन. बसवायचा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूजच्या अलीकडची केबल कुणीच राखत नाही, म्हणून ती जेवढी आखूड तेवढी बरी. ड्रायव्हरशेजारी फ्यूज बसवून निवांत झालेले लोक मी पाहिलेत. मागच्या तीन मीटरचं काय?

पुढे, जिथे बॅटरी होती तिथे, इन्सुलेटेड बुडाचा एक स्टड बसव, आठ किंवा दहा एमएमचा. डिकीतून आलेली केबल त्यावर. तिथून सेल्फला ३५ चा तुकडा. अल्टरनेटरची वायर आणि गाडीच्या वायरिंगची मूळ फ्युजिबल लिंक (फ्यूजचं काम करणारी वायर) त्याच स्टडवर. लिंक काढून सरळ वायर जोडू नकोस. तिच्या भरवशावर पुढचं सगळं बारीक वायरिंग आहे.

आणि ऑटोक्रॉससाठी किल स्विच (गाडीची वीज एका झटक्यात तोडणारा) लावणार असशील तर हे आधीच बघ: फक्त बॅटरी तोडणारा स्विच दाबला तर इंजिन बंद पडेलच असं नाही, अल्टरनेटर त्याला चालू ठेवतो. एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमातही स्विचने सगळे सर्किट तुटायला हवेत आणि इंजिनही बंद व्हायला हवं असंच आहे. इग्निशन तोडणारे वेगळे कॉन्टॅक्ट असलेला स्विच घे.

आता अर्थिंग, जे मला केबलपेक्षा महत्त्वाचं वाटतं आणि ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. निगेटिव्हला पूर्ण लांबीची केबल नको. इस्टीमला वेगळी चासी नाही, सगळा पत्रा एकसंध जोडलेला. लोखंड तांब्यापेक्षा सात-आठपट वाईट वाहक, पण फरशी, उंबरे, बोगदा मिळून पत्र्याचं क्षेत्रफळच एवढं आहे की साडेपाच मीटर केबलपेक्षा तो कमी व्होल्ट खातो. जीपसारखी गाडी असती, जिथे बॉडी रबरावर बसते, तर चासीला जोड म्हटलं असतं. डिकीत ३५ चाच आखूड तुकडा घे, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, बोल्ट-नट आणि काटेरी वॉशर घालून कस, मग वरून रंग मार. पत्र्यात घुसणारा स्क्रू चालणार नाही.

खरी गोम पुढे आहे. कंपनीने बॅटरीचा निगेटिव्ह जाड केबलने थेट इंजिन-गिअरबॉक्सला दिलेला असतो आणि बॉडीला फक्त एक बारीक वायर, दिवे-हॉर्नपुरती. आता बॅटरी मागे गेली. सेल्फचा सगळा करंट इंजिनातून बॉडीवर उतरणार कुठून? त्याच बारीक वायरीतून. सांगलीच्या अरुंद आयर्विन पुलाच्या तोंडाशी चौपदरी रस्ता आणून सोडला तरी गाड्या पुलाच्या रुंदीनेच जाणार. म्हणून गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॉडीपर्यंत नवी ३५ ची पट्टी. ही नसली तर करंट दुसऱ्या वाटा शोधतो, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. आतली तार तापते, अस्तर वितळतं, आणि क्लच जड झाला म्हणून माणूस क्लचप्लेट बदलतो.

बॅटरीबद्दल थोडक्यात. तू मागची सीट काढलीस म्हणजे डिकी आणि केबिन आता एकच. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो, आणि ॲसिडचा वास तुझ्या नाकाशी. एक तर झाकणबंद खोका आणि त्यातून गाडीबाहेर जाणारी नळी, नाहीतर सीलबंद व्हीआरएलए बॅटरी. मी दुसरी घेईन, आणि तरीही नळी ठेवीन. बांधताना लक्षात ठेव, जोरात आदळल्यावर दहा किलोची बॅटरी दोनशे किलोच्या ओढीने पुढे येऊ शकते, आणि मध्ये आता सीट नाही. खाली पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने पट्टी देऊन आठचे बोल्ट.

विश्रामबागकर

मध्येच बोलतो. हे सगळं करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलण्याबद्दल कडक आहे. वायरिंगमध्ये फेरफार असलेल्या गाडीला आग लागली तर सर्व्हेअर पहिलं तेच लिहितो.

गोडोलीकर

गाडी फक्त इव्हेंटलाच नेणार असलो तरी तिथपर्यंत रस्त्यानेच जाणार, त्यामुळे विचारतो. धन्यवाद.

काका, काम झालं. केबल आतून घेतली, नालीदार पाइपमध्ये, पेट्रोलची पाइप ज्या बाजूने जाते त्याच्या विरुद्ध बाजूने. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, वीत-दीड वीतभर अंतराने क्लिप. थिंबल दाबून आणले. व्हीआरएलए घेतली. मेगा फ्यूज डिकीत. गाडी चालू होते. मल्टिमीटरने केबल चेक केली, रोध शून्य दाखवतो. म्हणजे पास ना?

तारवाले_कुपवाड

ते शून्य विसर. तुझी केबल तीन मिलिओहमची. साध्या मल्टिमीटरला ते दिसतच नाही, एकच तार शाबूत राहिली असती तरी त्याने शून्याच्या जवळपासच दाखवलं असतं. क्लँप मीटरही आणायला जाऊ नकोस, दुकानात मिळणारा साधा क्लँप फक्त एसी मोजतो.

व्होल्ट मोज, तेही करंट जात असताना. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ, म्हणजे इंजिन पकडणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, खांबावर म्हणतोय, वरच्या क्लँपवर नाही. काळं टोक सेल्फच्या मोठ्या स्टडवर. वायर पुरत नसेल तर लांब वायरचा तुकडा जोडून घे. कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांग आणि आकडा वाच. मग दुसऱ्या बाजूला: लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. पॉझिटिव्हला अर्ध्या व्होल्टाच्या आत, निगेटिव्हला ०.२ च्या आसपास. दोन्ही इथे टाक.

गोडोलीकर

पॉझिटिव्ह: ०.४४.
निगेटिव्ह: ०.६१.

पट्टी टाकलीय काका, तुम्ही सांगितलेली, गिअरबॉक्सच्या बोल्टवरून. डिकीतला बोल्टही चकचकीत घासलाय.

तारवाले_कुपवाड

पॉझिटिव्ह उत्तम. फ्यूज धरून ०.४४ म्हणजे थिंबल चांगले दाबले गेलेत.

निगेटिव्हचे तुकडे कर. लाल टोक इंजिनवर, काळं पट्टी जिथे बॉडीला बसवलीस त्याच्या शेजारच्या उघड्या पत्र्यावर. मग तिथून डिकीतल्या अर्थ बोल्टपर्यंत. मग बोल्टपासून बॅटरीच्या खांबापर्यंत. ०.६१ यांपैकी कुठे तरी बसलेत, एकाच ठिकाणी बसलेत असा माझा अंदाज.

गोडोलीकर

इंजिन ते बॉडी ०.४७. बॉडी पुढून मागे ०.०८. डिकीतला बोल्ट ते खांब ०.०६. म्हणजे पत्रा खरंच काही खात नाही.

पट्टी तर नवी आहे. बॉडीच्या बाजूला कंपनीचाच जुना अर्थ बोल्ट वापरला होता. खोलून बघतो.

मिरज_वेल्डिंग

त्या बोल्टाखाली गंज असणार. आटा पण बघा, कंपनीचा सहाचा बोल्ट असंल तर थिंबल नीट बसत नाही.

गोडोलीकर

मिरजवाले, बरोबर. सहाचाच बोल्ट, थिंबलचं भोक आठचं, त्यामुळे फक्त एका कडेवर टेकत होता. खाली जुन्या रंगाचा थर आणि हिरवट गंज. शेजारच्या जाड पत्र्यात आठचं भोक पाडून बोल्ट-नट घातला, खरवडून, काटेरी वॉशरसह. निगेटिव्ह आता सगळं मिळून ०.१९.

सेल्फचा आवाजच बदलला. बॅटरी पुढे होती तेव्हाही एवढा जोरात फिरत नव्हता.

एक राहिलं. बोनेटमधल्या त्या स्टडला झाकण कुठलं घालू? वर बोनेट फार जवळ येतं, दोन बोटं जागा आहे.

तारवाले_कुपवाड

०.१९ ला हात लावू नकोस आता.

झाकणासाठी अल्टरनेटरच्या टर्मिनलवर असतं तसं रबरी बूट ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल, मोठ्या तोंडाचं माग. तोपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस. दोन बोटं जागा म्हणजे बोनेट दाबलं गेलं की टेकेल. स्टडचा नटावर आलेला जादा आटा कापून टाक, पण कापायच्या आधी मागचा निगेटिव्ह काढ. आणि बूट मिळालं की बोनेटच्या आतल्या बाजूला, स्टडच्या बरोबर वर, रबराचा एक तुकडा चिकटव.

मिरज_वेल्डिंग

कन्व्हेअर बेल्टचा तुकडा देतो की, आमच्याकडं पडून हायत. किती बाय किती पाहिजे सांगा.